घोंगडीवरचा जावई

येडू गेला तेव्हा त्याच्या कुत्र्यानं आठ दिवस भाकरीला तोंड लावलं नाही आणि नवव्या दिवशी तेही गेलं. वळसंगच्या आसपासच्या वस्त्यांवर मग येडूपेक्षा कुत्र्याचीच चर्चा जास्त झाली. माणसं भेटायला यायची, तानाबाईसमोर बसून दोन मिनिटं येडूबद्दल बोलायची आणि अर्धा तास कुत्र्याबद्दल. असा इमानी जीव बघितला नाही, असं म्हणत एकीनं तर डोळ्याला पदर लावला. तानाबाई शांतपणे म्हणाली, "व्हय. मी मातर दोन्ही टायम जेवतीय. लाजच हाय."

आत चुलीपाशी उभ्या असलेल्या पूनमला हसू आलं आणि ते कुणी बघू नये म्हणून तिनं चहात उगाच आणखी पाणी घातलं. येडू आणि तानाबाईची ही एकुलती एक मुलगी, वय छत्तीस, सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती. रडू येईलसं वाटलं की नेमका कुणीतरी चहा मागायचा.

कुत्र्याचं नाव तलाठी. येडू आपल्या कुत्र्यांना हुद्द्यांची नावं द्यायचा. आधीचा मास्तर होता, त्याच्या आधीचा सरपंच. "ह्याला तलाठी का म्हणता?" असं कुणी विचारलं तर सांगायचा, "दिसभर जाग्यावरनं हालत न्हाय, पन त्याच्याम्होरनं जायाचं म्हटलं की माणसाला घाम फुटतो."

तलाठ्याची जागा रिकामी झाल्याची बातमी माणसांआधी लांडग्यांना लागली. महिन्याभरात माळावरून दोन कोकरं गेली, दोन्ही दिवसाउजेडी. तिसऱ्या कोकराच्या आधी शहाजी आला. शहाजी म्हणजे येडूच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याच्याकडं दोनशे मेंढरं होती, चार कुत्री, एक मोटरसायकल आणि प्रत्येक विषयावर मत.

"काकू," तो पडवीत बसत म्हणाला, "तुमची साठ मेंढरं माझ्या कळपात सोडा. हितनं पुढं तुमी निवांत बसायचं."

"बसून काय करू?"

"टीव्ही बघा की. देवाचं नाव घ्या."

"टीव्हीतल्या सासवा मला बघवत न्हाईत आन देवाला माजा आवाज सोसत न्हाय," तानाबाई म्हणाली. "कुत्रं आनू आमी. नवं."

"कुत्रं आनून हुतंय व्हय? ते तयार कोन करनार? काका हुता तवा गोष्ट येगळी."

ते खरं होतं आणि तेच तानाबाईला लागलं. ती उठली, देव्हाऱ्यातून बिरुदेवाचा भंडारा चिमटीत घेऊन आली, आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग शहाजीच्या. "फुडल्या दसऱ्याला ये. तवर माज्या वाघरीत कामाचं कुत्रं नसलं, तर समदी मेंढरं तुजी. मी तोंडातनं शब्द काढनार न्हाय."

"फुडल्या? म्हंजे वरीसभर?"

"कुत्रं हाय ते शहाजी, कोंबडी न्हाय."

"आन तवर राखन कोन करंल?"

"तवर मी भुंकीन."

शहाजी गेल्यावर पूनम म्हणाली, "आई, शब्द द्यायची काय गरज होती?" तानाबाईनं भंडाऱ्याची बोटं पदराला पुसली. ती देवाला नवस बोलून विसरायची, उपास धरून दुपारी शेंगा खायची, पण भंडारा कपाळाला लावून दिलेला शब्द तिनं कधी मोडला नव्हता. आणि मेंढरं गेली तर तिच्या दिवसाला ना सकाळ उरणार होती ना संध्याकाळ, हे पूनमला न सांगता कळत होतं. तिनं कॉलेजात तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली.

येडूची कुत्रं पारखायची पद्धत तिला पाठ होती, कारण त्याच पद्धतीनं त्यानं तिची स्थळं पारखली होती. पहिला मुलगा दारातून आत येता येता सगळ्यांच्या पाया पडला, चुकून घरगड्याच्याही पडला. "हे शेपूट हालवतंय," येडूनं निकाल दिला. "लांडगा आला तरी हालवंल." दुसरा बसल्या बसल्या चहात साखर कमी म्हणून गुरगुरला. "हे कामाशिवाय भुंकतंय." तिसरा मात्र शांत होता, बोलायचा तेवढंच बोलला, आणि खरं सांगायचं तर पूनमला तो आवडलाही होता. पण निघताना एक कोकरू त्याला घासून गेलं आणि त्यानं खिशातून रुमाल काढून पँट पुसली.

"ह्याला वाघरीत झोप लागायची न्हाय," येडू म्हणाला.

"आबा, मला कुठं वाघरीत झोपायचंय?"

"परश्न तुजा न्हाय."

मग कुणाचा होता, ते त्यानं कधीच सांगितलं नाही. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. येडूच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टींची शेवटची परीक्षा तिथंच व्हायची.

पूनमनं तरीही ग्रंथालयातून एक जाडजूड परदेशी पुस्तक आणलं. त्यात कळप राखणाऱ्या कुत्र्यांचे तक्ते होते, वजनं होती, बर्फात उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांची चित्रं होती. तानाबाईनं चित्रं बारकाईनं बघितली. "चांगली हायेत. आपल्या धुळीत चार दिसांत आपल्यावानी हुत्याल." पण पुस्तकात जे होतं तेच येडू जन्मभर सांगत आला होता, फक्त पुस्तकात शिव्या नव्हत्या. पिल्लू दीड महिन्याचं झालं की मेंढरांत ठेवायचं, घरात नाही. खायला द्यायचं ते मेंढरांतच. अंगावरून हात फिरवायचा नाही. येडूच्या भाषेत, "लाड केलास तर ते तुजं हुतंय. मला माजं कुत्रं नको, मेंढरांचं पायजे."

अक्कलकोटच्या पलीकडं शरणम्माची वस्ती होती. म्हातारी अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलायची आणि दोन्हींत सारखीच कडक. तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. पूनम पिल्लांकडं निघाली तशी शरणम्मानं तिला दंडाला धरून थांबवलं.

"बा, तंगी. ये पोरी, पिल्लू मागनं. आधी आई बघ. जा त्या मेंढराकडं."

पूनम मेंढरांकडं चालू लागली. कुत्री कुठूनशी आली आणि तिच्या आणि मेंढरांच्या मधे उभी राहिली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत. नुसती आडवी उभी राहिली, दारात उभ्या राहिलेल्या सासूसारखी. पूनम आपोआप थांबली.

"बघितलं? आता बस. पिल्लाकडं पाठ कर."

पूनम पाठ करून बसली. एक पिल्लू धावत येऊन तिच्या मांडीवर चढलं. दुसऱ्यानं तिची चप्पल पळवली. दोन आपापसांत भांडत बसली. पाचवं एका म्हाताऱ्या मेंढीच्या पोटाला डोकं लावून पडलं होतं. पूनम वळली तसा त्यानं एक डोळा उघडला, कोण आलंय ते बघितलं आणि मिटला.

"हे," पूनम म्हणाली.

शरणम्मा बोळक्या तोंडानं हसली. "येडूनं शिकवलं. येडूला मी शिकवलं. सांगत होता का?"

"नाही. बिरुदेवानं स्वप्नात येऊन सांगितलं, असं म्हणायचे."

"हलकट," शरणम्मा मायेनं म्हणाली.

पिल्लू एसटीत, पिशवीत, पूनमच्या मांडीवर बसून घरी आलं. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणं आणि येडूप्रमाणं झालं होतं. चूक झाली ती त्याच संध्याकाळी.

त्या चुकीची सुरुवात खरं तर तेराव्यालाच झाली होती. येडूच्या घराण्यात एक रीत होती. घरातला मेंढरांमागं फिरणारा गेला की त्याची घोंगडी तेराव्या दिवशी वाघरीत अंथरायची आणि तिथंच सोडायची. मेंढरं तिच्यावर बसायची, मुतायची, लेंड्या टाकायची, आणि चार-सहा महिन्यांत घोंगडीचं खत होऊन जायचं. येडूच्या बापाची तशीच गेली, आज्याची तशीच गेली. पूनमनं लहानपणी ते बघितलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की हा निव्वळ अडाणीपणा आहे. तेराव्याच्या आदल्या दिवशी तिनं सोलापुरातून एक नवी काळी घोंगडी आणली, ती वाघरीत अंथरली आणि बापाची गुपचूप लोखंडी ट्रंकेत ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तिला वाटलं.

संध्याकाळी वाघरीत सोडलेलं पिल्लू रडू लागलं. मेंढरं अनोळखी, थंडी कार्तिकातली. एका मेंढीनं त्याला डोक्यानं ढकललं तसं ते कोपऱ्यात जाऊन कुडकुडत बसलं. पुस्तकात लिहिलं होतं: रडू द्यावं. येडू म्हणाला असता: रडू दे. पूनमनं ट्रंक उघडली, घोंगडी काढली आणि पिल्लाला तिच्यात गुंडाळून पडवीत आणलं. फक्त दोन दिवस. ते लगेच गप्प झालं. नाक घोंगडीच्या घडीत खुपसून झोपलं. त्या घडीत तंबाखू होती, घाम होता आणि चाळीस वर्षांचा धूर होता. पूनम शेजारी पुस्तक उघडून बसली.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. दिवसा ती मेंढरांबरोबर माळावर जायची तेव्हा घोंगडी खांद्यावर टाकायची, बाभळीखाली अंथरायची, आणि पिल्लू तिच्यावर. ती त्याला कुरवाळत नाही, असं ती स्वतःला बजावायची. फक्त हात तिथं असायचा.

नाव तानाबाईनं ठेवलं. पाय ताणून घोंगडीवर पसरलेलं, आल्यागेल्याकडं मान न हलवता बघणारं आणि जेवायच्या वेळेला बरोब्बर जागं होणारं ते रूप तिनं चार दिवस बघितलं आणि त्याला जावई म्हणू लागली. मग वाटेनं जाणाऱ्या बायकांच्या कानावर "पूनम, जावयाला भाकरी टाकलीस का?" असं पडायचं आणि त्या थबकायच्या.

"अगं बया! कधी झालं लगीन? कुटं असत्यात जावई?"

"हितंच असत्यात. घरजावई हायेत," तानाबाई सांगायची. "पडवीत झोपल्यात."

असं चाललेलं असताना संक्रांतीनंतर एके दिवशी चारच्या सुमाराला लांडगा आला. आजूबाजूला शाळू कंबरेच्या वर गेलेला, त्यातून तो निघाला आणि बाभळीपासून वीस पावलांवर चरणारं कोकरू त्यानं मानेला धरलं. जावई घोंगडीवर बसला होता. त्यानं लांडगा बघितला, कोकरू बघितलं, पुढारी स्टेजवरून कार्यक्रम बघतात तसा सगळा प्रकार शेवटपर्यंत बघितला आणि हनुवटी पायांवर ठेवली. पूनम ओरडत धावली. तानाबाई पलीकडच्या बांधावरून धावत आली आणि लांडग्याच्या अंगावर झटकायला हाताशी आली ती घोंगडी ओढू लागली. तेव्हा जावई उठला. केस फुलवून, दात काढून, छातीतून गुरगुरला. तानाबाईवर.

तिनं घोंगडी सोडली. लांडगा एव्हाना शाळवात दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी शहाजी आला. त्याला कळलेलं होतं, कसं ते त्यालाच ठाऊक. "मी म्हनलं नव्हतं?" असं म्हणत तो नेहमीच्या जागी, म्हणजे घोंगडीच्या कडेवर टेकायला गेला आणि जावयाची पहिली गुरगुर ऐकताच उभ्या उभ्याच पुढचं बोलला. "काकू, हे नासलंय. लाडानं नासलंय. ह्याला आता शहरात न्यायचं, बिस्किटं घालायची आन फोटो काढायचं. दसरा लांब हाय, पन उगं हट्ट कशाला?"

तानाबाईनं त्याला चहा दिला, लांबूनच. तो गेल्यावर ती पूनमसमोर उकिडवी बसली. जावई घोंगडीवर, मायलेकी दोन बाजूंना.

"कुत्रं नासकं न्हाय," ती म्हणाली. "राखन लई बेस करतंय. फकस्त मेलेल्याची करतंय."

पूनमनं मान वर केली.

"ही घोंगडी कुटनं आली, मला ठावं न्हाय असं वाटलं व्हय तुला? चाळीस वरसं तिच्याखाली निजलीय मी. तेराव्याला तू आंथरलीस तिला दुकानाचा वास येत हुता. मेंढरंसुदीक बसंनात तिच्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

तानाबाईनं पदराचं टोक उगाच नीट केलं. "तू पान्याला गेलीस की ट्रंक उघडून मीबी वास घ्यायची की."

दोघींनी जावयाकडं बघितलं. त्याला काहीच वाटलं नाही.

त्याच दिवशी घोंगडी वाघरीत गेली. मागोमाग जावई गेला. तानाबाईला वाटलं, जमलं. सकाळी मेंढरं चरायला बाहेर पडली आणि जावई वाघरीतच बसून राहिला. रिकाम्या वाघरीची त्यानं दिवसभर अशी राखण केली की एक कावळा आत उतरू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तानाबाई जाळीला टेकून म्हणाली, "बँकेत लावा ह्याला. हालत बी न्हाय, आन आत काय हाय इचारतबी न्हाय."

पूनम त्या दिवशी पुस्तक घेऊन बसली, पण वाचत नव्हती. दुपारनंतर उठून तिनं कातर मागितली. मेंढरं कातरायची, दोन पात्यांची मोठी कातर.

"काय करतीस?" तानाबाईनं विचारलं, पण कातर आणून दिली.

पूनमनं वाघरीतून घोंगडी ओढून बाहेर आणली. जावई सोबत आलाच. तिनं घोंगडीवर हात फिरवला. एका कोपऱ्यात विडीनं पडलेलं भोक होतं. ते कधी पडलं तेही तिला आठवत होतं. दहावीचा निकाल होता, येडूला वाचता येत नव्हतं आणि त्यानं सत्तर टक्क्यांचा कागद उलटा धरून तीन वेळा बघितला होता, तोंडातली विडी खाली पडली तरी. तिनं कातर उघडली. पहिल्या कापाला लोकर पात्यांत अडकली. तिनं पुन्हा जोर लावला. वितीएवढ्या रुंदीची पट्टी निघाली.

जावई गुरगुरला नाही. मान तिरकी करून बघत राहिला.

"तुज्या आबानं बघितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या," तानाबाई म्हणाली.

"माहीत आहे."

"वाकडी कापलीस म्हनून."

अकरा पट्ट्या झाल्या. त्या अकरा मेंढ्यांच्या गळ्यात बांधल्या, गाठ घट्ट पण फास नाही अशी. एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वळवून आपली पट्टी हुंगली आणि चावून बघितली. तिच्या आजीच्या अंगावरचीही लोकर तीत असू शकत होती. तिला चव आवडली नाही.

मेंढरं माळावर सुटली तशी जावयाची तारांबळ उडाली. आजवर एका जागी बसणारा येडू आता अकरा दिशांना चरत होता. तो एकीमागं धावला, मग दुसरीमागं. एकीला त्यानं दातानं पट्टी धरून ओढून आणायचा प्रयत्न केला आणि तिनं त्याला अशी ढुशी दिली की तो उताणा पडला. तानाबाई हसून हसून बांधावर बसली. बऱ्याच महिन्यांनी तिचा तो आवाज माळावर ऐकू आला. चौथ्या-पाचव्या दिवशी जावयाला एक गोष्ट उमगली असावी: कळपाच्या मधोमध बसलं की अकराही दिसतात. तो तिथं बसू लागला. कळप सरकला की तो सरकायचा.

अवघड काम पूनमचं होतं. दुपारी तो उठून तिच्याकडं यायचा, तिच्या हाताखाली डोकं सारायचा आणि थांबायचा. ती दोन्ही हात काखेत घालून उभी राहायची. तो वाट बघायचा. ती शाळवाकडं बघायची. मग तो परत जायचा. हे आठ दिवस चाललं आणि त्या आठ दिवसांत तिनं येडूच्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात स्वतःला घालून घेतल्या. नवव्या दिवशी तो आला नाही. तेव्हा मात्र तिला फार वाईट वाटलं.

रजा संपली. ती सोलापूरला परतली आणि शनिवार-रविवार येऊ लागली. दर खेपेला जावई थोडा मोठा झालेला असायचा. उन्हाळ्यात तानाबाईनं त्याच्या गळ्यात तलाठ्याचा जुना खिळ्यांचा पट्टा चढवला. सुरुवातीला तो इतका सैल होता की खाली मान घातली की कानावर यायचा. पावसाळ्यात मेंढ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या भिजल्या, वाळल्या, विरल्या. काही बोरीच्या काट्यांना लटकून राहिल्या. येडूचा वास असलाच तर तो आता सगळ्या माळावर पसरला होता.

भाद्रपदातल्या एका शनिवारी पूनम एसटीतून उतरली ती थेट माळावर गेली. तानाबाई मेंढरं परत वळवत होती. दिवस कलला होता, आभाळ भरलेलं होतं. आषाढात जन्मलेलं एक कोकरू मागं राहिलं होतं आणि आईला हाका मारत गवतात घुटमळत होतं. ते आणायला पूनम वळली तेव्हा तिला गवतात दोन लांडगे दिसले. एक उभा, एक बसलेला. त्यांना घाई नव्हती. कोकरू त्यांच्यापासून पूनमपेक्षा जवळ होतं.

तिनं खाली वाकून दगड उचलला.

जावई तिच्या शेजारून गेला. धावला नाही, झपाझप चालत गेला, आणि कोकरू आणि लांडग्यांच्या मधे आडवा उभा राहिला. भुंकला नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते आणि पट्ट्याचे खिळे त्यांतून बाहेर आले होते. बसलेला लांडगा उठला. दोन पावलं डावीकडं गेला. जावई दोन पावलं डावीकडं गेला. उजवीकडं गेला, जावई उजवीकडं. असं तीन-चारदा झालं. मग उभ्या लांडग्यानं जांभई दिली, जणू इथं त्याचं कधीच काही काम नव्हतं, आणि दोघं ओढ्याच्या दिशेनं निघून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत जावई हलला नाही. नंतर त्यानं वळून कोकराला हुंगलं आणि नाकानं कळपाकडं ढकललं.

ते तिच्यासमोरून गेलं तेव्हा पूनमनं त्याचा गळा बघितला. मोकळा होता. साहजिकच होतं. पट्ट्या माघात बांधल्या होत्या आणि हे कोकरू आषाढातलं. त्याच्या अंगावर येडूचं काहीही नव्हतं.

ती तिथंच गवतात खाली बसली.

तानाबाई काठी टेकत आली. "काय झालं गं?"

"काही नाही. कुसळ गेलं डोळ्यात."

तानाबाईनं वाकून बघितलं. "दोन्ही डोळ्यांत?"

"हो."

"येका टायमाला?"

"आई, जा ना तू."

तानाबाई गेली नाही. शेजारी बसली, पाठ करून, आणि मेंढरं मोजू लागली. तिला साठाच्या वर मोजायला नेहमी वेळ लागायचा, पण त्या दिवशी तिनं मुद्दामच पुन्हा पुन्हा चुकवलं.

दसऱ्याला शहाजी आला. पांढराशुभ्र इस्त्रीचा लेंगा, हातात आपट्याची पानं. तानाबाईला सोनं दिलं, पाया पडला आणि म्हणाला, "काकू, मी काय हावरा न्हाय. शब्द तुमी दिलाय म्हनून आलो. कुत्रं कामाचं हाय का, तेवढं बघतो."

"बघ की," तानाबाई म्हणाली. "वाघरीत जा आन येक कोकरू उचलून आन."

"मला वळखतंय ते. घरचं मानूस हाय मी."

"मग तर सोपंच हाय."

शहाजी जाळी ओलांडून आत गेला. जावयानं त्याला येऊ दिलं. तो मेंढरांतून पुढं गेला, त्यानं वाकून कोकराला हात घातला. पुढचं इतकं भराभर झालं की पूनमला नीट दिसलं नाही. एवढंच दिसलं की शहाजी वाघरीबाहेरच्या कडब्याच्या गंजीवर उभा आहे आणि त्याच्या लेंग्याची मागची बाजू अजून वाघरीतच आहे.

"काकू! आवरा ह्याला!"

"कामात हाय तो," तानाबाई म्हणाली. "जेवायच्या टायमाला इचारते."

गंजीवरून उतरायला त्याला बराच वेळ लागला. येडूचं एक धोतर नेसून तो मोटरसायकलवर बसला आणि जाताना, राग विसरून, म्हणाला, "काकू, ह्याची पिल्लं झाली तर येक मला सांगा." ते त्यानं मनापासून म्हटलं. तानाबाईला त्यातच सगळं मिळालं.

संध्याकाळच्या एसटीसाठी पूनम निघाली. वाट वाघरीवरून जात होती. जावई एका मेंढीच्या पोटाला टेकून पडला होता. ती जाळीपाशी थांबली. हात पुढं गेला आणि तिनं तो मागं घेतला. त्यानं एक डोळा उघडला, कोण आहे ते बघितलं आणि मिटला.

मागून तानाबाईनं हाक मारली. "गं पूनम, शेपूट हालवलं का त्यानं?"

"नाही!"

"मग बेस. जा आता, गाडी चुकंल."